मधल्या लाल दिव्यापाशी

सकाळी ६.४५

मे महिन्यात मिशिगनमध्ये सहाच्या सुमारास उजाडतं खरं, पण अंगाला ऊब लागायला नऊ वाजतात. दाजींचा फोन आला तेव्हा बाहेर जेमतेम आठ अंश होते. "निघालास का? हीट गन घे. आणि मीटर तुझाच आण, माझ्याची पिन सैल झालीय."

दाजी निवृत्त झाले आणि त्यांनी ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. म्हणजे पिकअपच्या मागे जोडून ओढत न्यायचं घर. पलंग, शेगडी, फ्रिज, संडास-न्हाणी सगळं आत, इंजिन तेवढं नाही. त्यांचा ट्रेलर २०१४चा, सेकंडहँड, २६ फूट लांब आणि ८ फूट रुंद. डेट्रॉइटच्या आसपास मोटारींच्या धंद्यावर चालणारी मराठी घरं पुष्कळ. आमची दोन्ही त्यातलीच. दाजींनी जन्मभर गिअरबॉक्स केले, मी गाड्यांचं वायरिंग करतो. त्यामुळे ट्रेलरच्या पाठीवर कॅमेरा बसवायचं ठरलं तेव्हा मला कोणी विचारलं नाही, फक्त तारीख कळवली.

कॅमेरा कशाला, तर पिकअपच्या आतल्या आरशात ट्रेलरची पुढची भिंत दिसते आणि दुसरं काही दिसत नाही. बाजूचे आरसे दांड्यांवर कितीही बाहेर काढले तरी ते ट्रेलरच्या कुशी दाखवतात. बरोबर पाठीमागे मोटारसायकल असो, खांब असो की सायकलवरचं पोर, चालवणाऱ्याच्या लेखी ते नाहीच. म्हणून कॅम्पग्राउंडवर ट्रेलर जागेत घालताना एकाने चालवायचं आणि दुसऱ्याने खाली उतरून हातवारे करायचे. शुक्रवारी संध्याकाळी तिथे एक फेरी मारा. नवराबायकोची भांडणं सगळ्या भाषांत ऐकू येतात. आमच्या ताईने गेल्या ऑक्टोबरातच सांगून टाकलं होतं, "अहो, यापुढे ओरडायचं ते कॅमेऱ्यावर ओरडा."

७.३०

ट्रेलर घरी नसतो. दाजींच्या वसाहतीचा नियम असा की दारात ट्रेलर एखाद-दोन दिवसच उभा करायचा. एरवी तो गावाबाहेरच्या कुंपण घातलेल्या आवारात, महिन्याच्या भाड्यावर. रांगेने पन्नासएक ट्रेलर आणि मोटरहोम उभे, बहुतेकांवर अजून हिवाळ्याची ताडपत्री.

आधी पिकअप जोडून घेतली. काम मागच्या भिंतीवरचं, मग पिकअप कशाला, असं वाटेल. पण ट्रेलरच्या मागच्या दिव्यांना वीज पिकअपमधून येते, सात पिनांच्या प्लगमधून. ती आल्याशिवाय मोजायचं काय? चाकांना ठोकळे लावले, चारी कोपऱ्यांचे जॅक टेकवले आणि शिडी उघडली. उभी राहणारी घोड्याची शिडी. भिंतीला टेकवायची शिडी इथे चालत नाही, फायबरग्लासला खळगा पडतो.

छपरावर दव होतं. त्यामुळे वरचं काम नऊपर्यंत बंद.

तेवढ्यात दाजींनी त्यांचा आवडता विषय काढला. अमेरिकेत १ मे २०१८पासून १०,००० पौंडांच्या, म्हणजे साधारण साडेचार टनांच्या, आतल्या प्रत्येक नव्या गाडीला मागचा कॅमेरा सक्तीचा आहे. त्यामागचा कायदा २००८ सालचा. कॅमेरून गुलब्रॅन्सन हा दोन वर्षांचा मुलगा २००२मध्ये घराच्या दारातच, वडील गाडी मागे घेत असताना, तिच्याखाली सापडला, त्याच्या नावाने हा कायदा ओळखला जातो. भारतात २०१९च्या जुलैपासून नव्या मोटारींना मागचे सेन्सर सक्तीचे झाले. "आणि हे धूड," दाजींनी ट्रेलरवर थाप मारली, "याला कायदा नाही. ज्याला सगळ्यात जास्त गरज त्यालाच नाही." मला हे पटतं. कदाचित ट्रेलर कोणत्या गाडीला जुंपला जाईल हे कारखान्याला ठाऊक नसतं, म्हणून असेल. पण निदान जागा आणि वायर तयार ठेवायला काय हरकत? अलीकडच्या बऱ्याच ट्रेलरांवर तशी सोय कारखान्यातच केलेली असते. मागे वर एक ब्रॅकेट, त्याच्या झाकणाखाली वीज आलेली. झाकण काढा, कॅमेरा बसवा, अर्ध्या तासात घरी जा. दाजींच्या ट्रेलरला ती नव्हती.

८.१५

पिकअपचं मागचं फळकूट पाडून त्यावर दुकान मांडलं. कॅमेरा, सात इंची पडदा, एक सुटी १२ व्होल्टची बॅटरी. शिडीवर चढण्याआधी सगळं जमिनीवर चालवून बघायचं, हा माझा हट्ट आहे. दहा फुटांवर एका हाताने शिडी धरून "चित्र का येत नाही" हा प्रश्न सोडवणं वाईट.

वायरचा कॅमेरा घ्यायचा की बिनवायरचा यावर आमचा आठवडाभर वाद झाला होता. दाजी वायरवाले. वायर असली की चित्र येतंच, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. पण २६ फुटांचा ट्रेलर आणि पुढे पिकअप, म्हणजे पंचेचाळीस फुटांच्या वर वायर पोटाखालून न्यायची. हिचपाशी, म्हणजे ट्रेलर पिकअपला जुंपतात तिथे, तिला सुटी करता येणारा आणखी एक प्लग लागणार आणि तो रस्त्यावरच्या मिठात चार हिवाळे काढणार. इथे बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात. ते पत्रा खातं, पितळ खातं, मग प्लगच्या पिना सोडतं होय? शेवटी बिनवायरचा घेतला, पण डिजिटल. जुने अॅनालॉग कॅमेरे शेजारच्या गाडीचं चित्रसुद्धा आणून दाखवायचे. हे नवे २.४ गिगाहर्ट्‌झवरच बोलतात, वायफाय-ब्लूटूथच्याच गर्दीत, पण कॅमेरा आणि पडदा यांची आधी ओळख करून द्यावी लागते आणि मग ते एकमेकांखेरीज कोणाचं ऐकत नाहीत.

ओळख झाली. मग दाजी कॅमेरा आणि बॅटरी घेऊन ट्रेलरच्या मागे गेले, मी पडदा घेऊन चालकाच्या जागेवर बसलो. मधे फ्रिज, शेगडी, अॅल्युमिनियमचा सांगाडा. खरी परीक्षा ही, टेबलावरची नव्हे. दाजींनी कॅमेऱ्यापुढे हात हलवला. पडद्यावर तो डोळ्याला जाणवेल न जाणवेल इतक्या उशिराने हलला. चित्र तुटलं नाही. "बघा," मी म्हटलं. दाजींनी ऐकू न आल्यासारखं केलं.

९.२०

ऊन आलं, छप्पर वाळलं.

अमेरिकेत ८० इंचांहून रुंद गाडीला मागे, वरच्या बाजूला, मधोमध तीन लाल दिवे लागतात. शिवाय दोन्ही कोपऱ्यांना एकेक. आमच्या दिवसाची सगळी युक्ती या मधल्या दिव्यात होती. तिथे वीज आधीच पोचलेली आहे आणि ती आत येण्यासाठी भिंतीला भोकही आधीच पाडलेलं आहे. दिवा काढायचा, त्याच्याच वायरींना कॅमेऱ्याच्या वायरी जोडायच्या, दिवा परत लावायचा आणि कॅमेरा त्याच्या खाली. नवं भोक पडतं ते फक्त कॅमेऱ्याच्या स्क्रूंचं.

दिवा सुटला. दोन वायरी बाहेर आल्या, एक हिरवी आणि एक पांढरी. ट्रेलरच्या धंद्यात हिरवी म्हणजे सहसा या दिव्यांची आणि पांढरी म्हणजे निगेटिव्ह. 'सहसा' म्हणायचं कारण असं की साध्या मालवाहू ट्रेलरांच्या रीतीत याच कामाला तपकिरी वायर असते आणि हिरवी उजव्या इंडिकेटरची. वरून याच भिंतीच्या पोटात १२० व्होल्टचंही वायरिंग फिरतं, आणि तिथे पांढरी न्यूट्रल असते, काळी जिवंत. १२ व्होल्टच्या बाजूला काळी बॅटरीची पॉझिटिव्ह. रंग बघून हात घालणारा कारागीर ट्रेलरमध्ये फार दिवस काढत नाही. बाहेरच्या विजेची दोरी काढलेली आहे हे मी पुन्हा एकदा जाऊन बघून आलो.

"दाजी, लाइट लावा."

"लावल्या."

मीटरवर १०.९ व्होल्ट. पिकअपच्या प्लगपाशी त्याच वेळी १२.५. दीड व्होल्टाहून जास्त कुठेतरी गळत होते. कॅमेरा यावर चालला असता, पण एखाद्या पावसाळी रात्री वायपर, हीटर, सगळं चालू असताना बंदही पडला असता.

अशा वेळी मी एक लांब सुटी वायर काढतो. तिचं एक टोक ट्रेलरच्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं मीटरला, म्हणजे दिव्याची पांढरी वायर हिशोबातून वगळायची. दिवे चालू ठेवूनच मोजायचं. बोजा नसला की नासकी जोडणीसुद्धा साळसूद आकडा दाखवते. आता १२.२ आले. हिरवी वायर ठीक होती, खोट पांढरीत होती. आपल्याकडचा कुठलाही ऑटो-इलेक्ट्रिशियन शिडीवर न चढताच म्हणाला असता, "अर्थ बघा."

१०.१०

अर्थ पुढे निघाला, हिचच्या त्रिकोणी सांगाड्याखाली. साताठ पांढऱ्या वायरी एकाच कडीत दाबून चासीला एका स्क्रूने आवळलेल्या. स्क्रू होता म्हणायला. गंजाच्या पापुद्र्यातून त्याचं डोकं ओळखू येईना. दाजी ताडपत्री टाकून उताणे झाले. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी त्यांना गाडीखाली जाताना जो आनंद होतो तो मी त्यांच्या चेहऱ्यावर लग्नाच्या अल्बमातही पाहिलेला नाही. गंज तारेच्या ब्रशने काढला, पत्रा चकाकेपर्यंत घासला, कडी नवी, स्क्रू नवा, दातेरी वॉशर, वरून ग्रीसचा लेप.

मागे जाऊन मोजलं, १२.२. आणि ट्रेलरचे मागचे सगळे दिवे एकदम उजळ झाले. "दोन वर्षं मी म्हणतोय," दाजी गाडीखालून म्हणाले, "की बल्ब हलके निघालेत."

११.००

खरं काम इथून पुढे होतं. दिव्याच्या बुडाभोवती आधीच्या मालकाने सिलिकॉन फासलेलं होतं. बाथरूममधलं पांढरं सिलिकॉन, मनगटाएवढ्या जाडीचं. लोकांना वाटतं सिलिकॉन म्हणजे पाणी बंद. पण फायबरग्लासवरून ते वर्षा-दोन वर्षांत कडेने सुटतं, सुटलेल्या फटीत पाणी शिरतं आणि वरून ते तसंच गुबगुबीत दिसत राहतं. शिवाय त्याचा तेलकट थर मागे उरतो, आणि त्या थरावर दुसरं काही चिकटत नाही. अगदी नवं सिलिकॉनसुद्धा धड चिकटत नाही. प्लॅस्टिकच्या पात्याने खरवडणं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं, परत खरवडणं. अर्धा तास गेला.

खाली भोकाच्या कडेला लाकडाचा रंग काळपट होता.

ट्रेलरची भिंत म्हणजे भिंत नसतेच. बाहेर फायबरग्लासचा पातळ पत्रा, त्याला आतून चिकटवलेला तितकाच पातळ प्लायवूड, मग फोम, अॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणि आतली शोभेची शीट. सगळं गोंदावर उभं. एका स्क्रूच्या वाटेने पाणी शिरलं की प्लायवूड फुगतो, गोंद सुटतो आणि बाहेरच्या पत्र्याला पोट येतं. त्याला इथे डीलॅमिनेशन म्हणतात. दुरुस्तीवाल्याला ते दाखवलं की तो आधी गप्प होतो आणि मग ट्रेलरची किंमत विचारतो. मला तर वाटतं, ट्रेलरवर कॅमेरा बसवणं हे विजेचं काम नाहीच, ते पाण्याचं काम आहे. वीज चुकली तर फ्यूज जातो आणि लगेच कळतं. पाणी चुकलं तर कळायला तीन पावसाळे लागतात.

ओलावा मोजायचा मीटर, दोन टोकदार सुयांचा, भोकाच्या कडेला टोचला. १९ टक्के. हातभर बाजूला ११. आम्ही साधारण १५ ही हद्द धरतो. लाकूड मऊ पडलेलं नव्हतं. पेचकसाचं टोक आत जात नव्हतं. म्हणजे पाणी नुकतंच येऊ लागलं होतं. हीट गन अगदी मंद करून, फूटभर लांब धरून वाळवायला लागलो. जवळ नेली तर फायबरग्लासला फोड येतो, त्यामुळे हात सतत फिरता ठेवायचा. कंटाळवाणं काम. दाजी आणि मी पाळीपाळीने केलं.

१२.३०

ताई डबा घेऊन आली. थालीपीठ, दही, शेंगदाण्याची चटणी. आम्ही ट्रेलरच्या आतल्या बाकावर बसून जेवलो. तिने विचारलं, "लागला का कॅमेरा?" दाजी म्हणाले, "अर्थ दुरुस्त केला." ताई म्हणाली, "मी कॅमेऱ्याचं विचारलं." मी ओलाव्याचं सांगितलं, तेव्हा मात्र ती उठून आतल्या कपाटात हात घालून मागची भिंत चाचपून आली. कोरडी होती.

१.१५

लाकूड १४वर आलं. पिकअपचा सात पिनी प्लग काढला, मगच वायरींना हात लावला. दिव्याच्या दोन आणि कॅमेऱ्याच्या दोन वायरी, मधे दोन अँपिअरचा फ्यूज. जोडायला गोंद भरलेल्या क्रिम्प नळ्या वापरल्या. पकडीने दाबायच्या, ओढून बघायच्या, मग गरम करायच्या. आतला गोंद दोन्ही टोकांनी डोकावला की पाणी बंद. वायर पिळून वर काळी टेप गुंडाळायची आपली रीत घरात चालते, इथे नाही.

२.००

जुन्या जागी दिवा बसला, खाली ब्युटाइलची, म्हणजे चिकट रबराची, पट्टी. त्याखाली कॅमेऱ्याचं ब्रॅकेट. दिव्याचे जुने स्क्रू लाकडात गेले होते, त्यावरून मागे आडवी लाकडी पट्टी आहे हे समजलं होतं. बोटाने ठोकून ती खाली कुठपर्यंत आहे याचा अंदाज घेतला. बारीक ड्रिलने वाट करून, प्रत्येक भोकात सीलंट भरून स्क्रू घातले. आवळायचे ते ब्युटाइल कडेने जरा बाहेर येईपर्यंतच. दाजींचा हात गिअरबॉक्सचा, त्यामुळे पेचकस मी त्यांच्याकडे दिला नाही.

सीलंट दोन जातीचं मिळतं. एक आपोआप सपाट होणारं, छपरासाठी. ते उभ्या भिंतीवर लावलं तर सकाळपर्यंत बंपरवर येऊन बसतं. भिंतीला न ओघळणारं लागतं. ते ब्रॅकेटच्या वरून आणि दोन्ही बाजूंनी लावलं. खालची कड उघडी ठेवली.

"खाली विसरलास," दाजी म्हणाले.

"नाही दाजी. वरून चुकून शिरलं तर त्याला बाहेर पडायला दार नको?"

ते विचार करत राहिले. मग म्हणाले, "गिअरबॉक्सच्या हाऊसिंगलासुद्धा आम्ही खाली ड्रेन ठेवायचो," आणि तो विषय संपला.

३.२०

पिकअपमधला पडदा. सिगारेट-लायटरच्या सॉकेटवर वीज, काचेवर चोखणीची पकड. एअरबॅगच्या वाटेत नको आणि रस्ता झाकायला नको, एवढंच बघायचं.

४.००

आता कॅमेऱ्याचा रोख. ट्रेलरमागे तीन, सहा आणि दहा फुटांवर लाल शंकू ठेवले. ट्रेलरचा स्वतःचा बंपर पडद्याच्या तळाला बोटभर दिसलाच पाहिजे. तो दिसत नसेल तर अंतर कळायला आधारच उरत नाही. रुंद भिंगातून सगळं लांब वाटतं. सहा फुटांवरचा शंकू मला पंधरा फुटांवर दिसत होता. पडद्यावर हिरव्या-पिवळ्या-लाल रेषा येतात, त्या कारखान्याने कुठल्या तरी मोटारीच्या उंचीला धरून आखलेल्या. दहा फुटांवरून बघणाऱ्या कॅमेऱ्याला त्यांचा उपयोग नाही. त्या बंद केल्या आणि प्रत्येक शंकूच्या पायाशी पडद्याच्या कडेला चिकटपट्टीचा तुकडा लावला.

मग डावं-उजवं. कॅमेरा मागे तोंड करून बघतो, आपण पुढे. चित्र आरशासारखं उलटवून घेतलं नाही तर डावीकडचा खांब उजवीकडे दिसतो. ताईला चालकाच्या बाजूला, म्हणजे इथे डाव्या हाताला, मागे उभं केलं. पडद्यावर ती उजवीकडे होती.

"ताई, तिथेच थांब, हलू नकोस."

"मी हललेच नाही!"

सेटिंग बदललं. ताई पडद्याच्या डाव्या बाजूला उडी मारल्यासारखी गेली. आता तिचा आरशात दिसणारा हात आणि पडद्यावर दिसणारा हात एकाच बाजूला होते. ही गोष्ट तपासल्याशिवाय कोणालाही चालवायला देऊ नये.

५.००

आवाराच्या रिकाम्या टोकाला तालीम. ट्रेलर मागे घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवायचा. ट्रेलरची शेपूट ज्या बाजूला हवी त्या बाजूला तो हात न्यायचा. वरून धरलं की डोकं उलटा हिशोब करत बसतं. फोर्डने २०१६च्या एफ-१५०मध्ये यासाठी एक गोल बटणच दिलं. ते ट्रेलरच्या दिशेने फिरवा, स्टिअरिंग गाडी सांभाळते. दाजींची पिकअप त्याआधीची, आणि असतं तरी त्यांनी ते वापरलं नसतं.

पहिल्या खेपेला दाजी नुसते पडद्याकडेच बघत आले. मागचा शंकू बरोबर दिसत होता, पण ट्रेलरचा डावा कोपरा कुंपणाकडे सरकत होता आणि तो पडद्यावर कुठेच नव्हता. ताईने पत्र्यावर दोनदा थाप मारली. एस.टी.च्या स्टँडवर कंडक्टर मारतो तशी. दाजी जागच्या जागी थांबले.

कॅमेरा खाली आणि मागे बघतो. वरची फांदी, बाजूचा नळ, वळताना बाहेर फेकला जाणारा कोपरा हे त्याच्या डोळ्यात येत नाही. मालट्रकवर किन्नर ही सगळी कामं एकटा करायचा, शिवाय चहा आणायचा. इथले जुने ट्रेलरवाले गाडीत चार इंग्रजी अक्षरं चिकटवतात, जी-ओ-ए-एल. उतर आणि बघ, असा त्याचा अर्थ. आम्ही असं ठरवलं की पाठ दाजी पडद्यावर बघतील, कोपरे आणि फांद्या ताई बघेल, आणि बोलायचं ते फोनवर, ओरडून नाही. पुढच्या खेपांना ट्रेलर दोन शंकूंच्या मधे सरळ जाऊन उभा राहिला. ताई फोनवर म्हणाली, "अहो, आता बास." हळू आवाजात म्हणाली.

६.३०

महामार्गावर एक फेरी. बाहेर पडताच पडदा काळा. दाजींनी माझ्याकडे पाहिलं.

"लाइट," मी म्हटलं.

भरदिवसा दिवे लावायची सवय नाही, आणि कॅमेऱ्याची वीज दिव्यांची. दिवे लावले, चित्र आलं. बॅटरीवरून कायमची वीज घेता आली असती, पण मग कॅमेरा आवारात उभ्या उभ्या महिनाभर बॅटरी पीत बसला असता. ट्रेलर जोडला की दिवे लावायचेच, हे दाजींनी मान्य केलं.

मागे घेण्यापेक्षा हा उपयोग मला मोठा वाटतो. सत्तरच्या वेगात चाकाला चाक लावून येणारी मोटार आजवर त्यांना कधी दिसलीच नव्हती. एका संथ ट्रकला ओलांडून परत लेनमध्ये यायचं होतं. एरवी दाजी अंदाजाने बराच वेळ बाहेरच्या लेनमध्ये राहतात आणि मागचे हॉर्न वाजवतात. आज ट्रकचं अख्खं नाक पडद्यावर आलं, सगळ्यांत वरच्या चिकटपट्टीच्या बरंच वर सरकलं, तेव्हा ते आत आले.

७.४५

ट्रेलर परत जागेवर. सीलंटवर साय धरली होती, पण आतून पुरतं वाळायला काही आठवडे लागतात, तोवर पाण्याचा फवारा मारायचा नाही. ओलाव्याच्या मीटरचे आकडे दाजींनी वहीत लिहिले. महिन्याने पुन्हा टोचून बघायचं.

अजून उजेड होता. दाजी शिडी घडी करायच्या ऐवजी ती डावीकडे सरकवून वर चढले आणि कोपऱ्यातला दिवा बोटाने चाचपायला लागले. मग मधल्याच्या शेजारचे दोन. मग उजवा कोपरा.

"सगळ्यांना तेच पांढरं सिलिकॉन आहे रे," ते वरून म्हणाले. "पुढच्या शनिवारी काय करतोयस?"

ताई गाडीत बसून हॉर्न वाजवत होती. मी फोन काढला आणि सीलंटच्या दोन नळ्या मागवल्या, न ओघळणाऱ्या.